टोमण्यांची पेटी

मी पेटी बोलतेय. भजनातली नाही, देवळातली नाही, मतदानाची तर मुळीच नाही. फोनवर एखादी बातमी वाचून संपली की खाली 'तुमचं मत लिहा' असं म्हणणारा एक पांढरा चौकोन असतो ना, ती मी. चांगलं बोलायला माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत तोच येतो. त्यामुळे माझा स्वभाव गोड असेल अशी आशा धरून बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म चंद्रपूरचा. अयूबभाईंच्या दुकानातला. त्यांचं ढाली आणि कप विकायचं दुकान आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत कुठेही सामने असले, कबड्डीचे, क्रिकेटचे, व्हॉलीबॉलचे, की ढाल त्यांच्याकडूनच जाते आणि तिच्यावर जिंकणाऱ्याचं नाव तेच कोरतात. एकदा कोणत्याशा गावचा हरलेला कप्तान दुकानात येऊन तासभर भांडला. पंचानं अन्याय केला म्हणे. अयूबभाई ऐकत राहिले आणि तो गेल्यावर म्हणाले, "जितनेवाल्याचं नाव मी पितळेवर लिहितो. हारणेवाल्यानं कुठी बोलाचं?"

त्यातून 'पटांगण' ही वेबसाइट निघाली. खेळावर लिहिणाऱ्यांचं एक गावच म्हणा ना. बल्लारपूरचा कोणी क्रिकेटवर लिहायचा, कोणी शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, कोणी कबड्डीवर. ज्याचं त्याचं स्वतंत्र पान, पण वेस एकच. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मी, हरणाऱ्यांसाठी. कुठलातरी फुकटातला साचा उचलून अयूबभाईंनी मला बनवलं. दिसायला मी पहिल्यापासून भिकार. पण जंगलात नेटवर्कची एकच काडी असली तरी मी उघडायचे. आजकालच्या देखण्या बायांना ते जमत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आमच्या भागात कबड्डीच्या संघाला निमंत्रण देत नाहीत. टोमणा देतात. पत्रिका पाठवली तर समोरचा म्हणेल, आम्हाला पाहुणे समजता का? म्हणून चारचौघांत त्याच्या गावाची खोड काढायची. मग तो चिडून येतोच. पूर्वी हे काम आठवडी बाजारात व्हायचं, मोठ्यानं ओरडून. मी आले तसं ते माझ्याकडे आलं. फोन करून टोमणा दिला तर चालत नाही. चारचौघांत बोललं तर तो टोमणा, कानात बोललं तर ती चुगली.

त्यालाही नियम आहेत. मनगटावर बोलावं, गुडघ्यावर बोलावं, दमावर बोलावं. आईबापावर, जातीवर, पोटाच्या धंद्यावर बोलू नये. इतकी वर्षं लोकांनी माझ्यात हवं ते ओतलं, पण हा नियम कोणी मोडला नाही. कोणी लिहूनही ठेवला नव्हता, तरी नाही मोडला.

मुलचेऱ्याकडे केवटटोला म्हणून मासेमारांचं एक गाव आहे. तिथल्या मुलींचा संघ चांगला. डिंपल त्यांची कप्तान. चढाईला गेली की समोरच्या पोरी आधी स्वतःचे पाय सांभाळतात. तिचा बाप इस्तारी तलावात जाळं टाकतो आणि एरवी फारसं बोलत नाही. गावात शब्द चालतो तो सोमाजीचा, मासेमार सोसायटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षाचा. मुलींनी खेळायला बाहेरगावी जाणं सोमाजीला पसंत नाही. दरवर्षी सामने भरतात ते कोरपना तर पार दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या जिल्ह्यात. "पोट्ट्या इतक्या दूर कायले पाठवाच्या?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पण गावाला कोणी बोललं की हाच सोमाजी पेटून उठतो आणि स्वतः टेम्पो ठरवतो.

हे डिंपलला माहीत होतं आणि निशातलाही. निशात कोरपन्याच्या संघाची कप्तान. शिंप्याची मुलगी, बापाच्या दुकानात बसून संघाचे टी-शर्ट तीच शिवते. मैदानावर दोघी एकमेकींची हाडं मोडायला बघतात आणि बाहेर जिवलग मैत्रिणी. दरवर्षी कोरपन्याचे सामने जवळ आले की डिंपल तिला फोन करून सांगायची की यंदा सोमाजीबाबाला काय लागेल. मग निशात ते माझ्यात लिहायची. मागच्या वर्षीचं मला पाठ आहे: "केवटटोल्याच्या पोट्ट्याइचा दम बिडी विझाच्या आत सरते. याचं असन तं या, नाई तं घरी बसून वाळवनावरचे कावळे हाका." सोमाजीनं ते तलावाच्या पाळीवर मोठ्यानं वाचायला लावलं होतं. मी फोनमधून त्याचं तोंड बघत होते. असं लाल झालं होतं की मला फार बरं वाटलं.

थोडक्यात, त्या मुलींचं बाहेर पडणं माझ्या घाण तोंडावर अवलंबून होतं.

मग कंपनी आली.

कंपनी म्हणजे चंद्रपुरातली एक खोली, दोन टेबलं आणि एक कुंडी. नाव 'नवी चौकट'. मालक निकेश, पाच वर्षं पुण्यात राहून आलेला. त्याचे वडील डोमाभाऊ गडचिरोलीच्या बाजारात केवटटोल्याच्या तलावातले मासे विकतात, अजूनही. निकेश लोकांना सांगतो की वडील 'मत्स्यव्यवसायात' आहेत. कोड लिहायला अमरीन नावाची एक मुलगी. कामाला चोख, पण मालकापुढे बोलायला कचरणारी.

नागपूरचा कोणी बूटवाला 'पटांगण'वर जाहिरात द्यायला तयार झाला होता. त्याची अट एवढीच की सगळं कसं घरंदाज दिसावं. अयूबभाईंनी ते काम निकेशला दिलं. निकेशनं पहिल्याच दिवशी मला मोठ्या पडद्यावर उघडलं, थोडं वाचलं आणि रुमाल काढून तोंड पुसलं. मी काही त्याच्या अंगावर थुंकले नव्हते.

"शी! ही गटार आहे," तो अमरीनला म्हणाला. "आधी हिचा बंदोबस्त."

गटार! अरे, तुझ्या बापाच्या टोपलीजवळ उभा राहून लोक जे बोलतात, तेच माझ्यात लिहितात. पण हा आता अत्तरातला माणूस.

त्यानं पानं बदलली, रंग बदलले, कबड्डीच्या पानावर कुठल्यातरी परदेशी धावपटूचं चित्र लावलं. मी म्हटलं, लाव बाबा, तुझी हौस. पण मग त्यानं माझ्या तोंडावर चाळणी बसवली. कोणी माझ्यात काही लिहिलं की आधी ते चाळणीतून जाणार. चाळणीला शब्दांची यादी दिलेली. 'दम नाही', 'भित्रे', 'पळपुटे', 'घरी बसा' असं काही दिसलं की ती अडवणार. आणि नुसती अडवून गप्प नाही बसणार, खाली तीन तयार वाक्यं पुढे करणार: शुभेच्छा, अभिनंदन, छान खेळता.

अमरीन एकदा म्हणाली, "सर, इकडचे लोक असंच बोलतात. त्यात राग नसतो."

"म्हणूनच इकडचे लोक मागे आहेत," निकेश म्हणाला. अमरीननं मान खाली घालून चाळणी सुरू केली. मला तिचाही राग आला. कळत असून गप्प बसणाऱ्यांचा मला जास्तच येतो.

कोरपन्याचे सामने जवळ आले. निशात दुकानात मशीनवर बसून माझ्यात लिहू लागली. झकास लिहिलं होतं पोरीनं. म्हणे, मागच्या साली डिंपलबाई घसरून पंचाच्या मांडीवर बसल्या होत्या, औंदा आम्ही पंचाले उशी देऊन ठेवली आहे, दम असन तं या. चाळणीनं अडवलं. तिनं शब्द फिरवले. पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा तिनं फक्त "हिंमत असन तं या" एवढंच लिहिलं, तेही अडवलं. मी आतून ओरडत होते की लिही पोरी, अजून लिही. पण चाळणीपुढे माझं काय चालणार? शेवटी निशात वैतागली. गावाचं नाव तरी दिसू दे म्हणून तिनं खालचं पहिलं तयार वाक्य दाबून टाकलं.

आणि अख्ख्या दोन जिल्ह्यांना दिसलं: "केवटटोला संघाला हार्दिक शुभेच्छा!"

तलावाच्या पाळीवर ते सोमाजीला वाचून दाखवलं गेलं. पुढे काही आहे का म्हणून त्यानं दोनदा विचारलं. नव्हतं.

"शुभेच्छा बिमार माणसाले देतेत," तो म्हणाला. "कोरपन्यावाले आता आपल्याले गिनतच नाईत. कोनी बोलावलं नाई तं जाचं कायले? औंदा टेम्पो नाई."

डिंपल म्हणाली, "बाबाजी, आमी जातोच ना तरी."

"न बोलावता? भिकाऱ्यावानी?"

डिंपलला पुढचं दिसत होतं. एका वर्षी खाडा पडला की पुढच्या वर्षी कोण विचारतं? गावातल्या मुलांचं व्हॉलीबॉल असंच बंद पडलं होतं. जाळी कोणाच्या तरी कुडाला बांधलेली आहे अजून, वेल चढवायला. तिच्या संघातल्या चौघींच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती. या वर्षी खेळल्या नाहीत तर त्या पुन्हा कधीच खेळणार नव्हत्या. तिनं निशातला फोन केला आणि दोघींनी मिळून चाळणीला अशा शिव्या घातल्या की ऐकून माझे कान निवले.

दुसऱ्या दिवशी डिंपल आणि इस्तारी एसटीनं चंद्रपूरला आले. अयूबभाईंच्या दुकानात जाऊन त्यांनाच घेऊन कंपनीत चढले. मी अमरीनच्या पडद्यावर उघडीच होते, सगळं बघत होते.

निकेशनं हसून स्वागत केलं. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. गोगलगाय आणि पोटात पाय. "बोला ताई, आपली काय सेवा करू?"

डिंपल सरळ म्हणाली, "भाऊ, आमाले शिवी पायजे."

निकेशला वाटलं मस्करी आहे. डिंपलनं त्याला सगळं सांगितलं. टोमणा कसा असतो, सोमाजीबाबा कसे आहेत, शुभेच्छांनी काय घात केला. "ते चाळणी काढा. सामने होत वरी काढा. निशात दोन ओळी लिहीन आन आमी जाऊ. मंग बसवा पुन्हा."

"ताई, असं करता येत नाही. आम्ही दर्जा राखतो. मी हवं तर तुमच्या गावाला संस्थेतर्फे छानसं निमंत्रणपत्र पाठवतो."

"निमंत्रण नोको ना भाऊ! तुमी इकडचेच आहा, तुमाले मालूम नाई का?"

हे त्याला लागलं. तो आणखी शुद्ध बोलायला लागला. दर्जा, संस्कृती, वापरकर्त्याचा अनुभव, असं काय काय. अयूबभाई मधे पडले. "अरे यार निकेश, चार दिवस निकाल ना ते चाळणी. बूटवाल्याले मी सांगतो."

"अयूबभाई, तुम्हाला कळत नाही. चार दिवस गटार उघडी ठेवली तर वास कायमचा राहतो."

"वास आमच्या बोलण्याले येते का तुमच्या नाकाले?" डिंपल म्हणाली. "तुमाले हे कामच समजलं नाई भाऊ. लोक काऊन बोलतेत ते पायलंच नाई तुमी. नुसते शब्द पुसून टाकले."

निकेशच्या हातातला कप बशीवर आपटला. आणि मग तो बोलला. आवाज चढवून नाही, अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत.

"मासे विकणाऱ्यांनी मला माझं काम शिकवू नये."

इतक्या वर्षांत माझ्यात हजारो माणसं तोंड सोडून गेली, त्यातल्या एकानंही असलं काही लिहिलं नव्हतं. इस्तारीनं चहा अर्धाच प्यायला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि निकेशकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचं माणूस लांबून दिसावं आणि जवळ गेल्यावर ते नसावं, तसं बघितलं.

डिंपल उठली. "अमरीनताई, सरका जरा."

अमरीन सरकली. पहिल्यांदाच तिनं मालकाकडे न बघता काही केलं. पडद्यावर कंपनीचंच खातं उघडं होतं. डिंपलनं माझ्यात एक एक अक्षर दाबत लिहिलं: "मासे विकणाऱ्यांनी मला माझं काम शिकवू नये. निकेश, नवी चौकट." आणि पाठवायचं बटण दाबलं.

निकेश हसला. चाळणीवर त्याचा विश्वास होता.

चाळणीनं ते वाक्य तपासलं. त्यात 'दम नाही' नव्हतं, 'भित्रे' नव्हतं, 'घरी बसा' नव्हतं. एकही वाईट शब्द नव्हता. तिनं हिरवा दिवा लावला आणि खाली लिहून आलं: "आपला प्रतिसाद सभ्य आहे. धन्यवाद."

सगळ्या पानांवर गेलं ते. क्रिकेटच्या, शंकरपटाच्या, कबड्डीच्या. कंपनीच्या खात्यावरून लिहिलेलं सगळीकडे दिसावं ही सोयही त्याचीच.

निकेशनं झडप घालून डिंपलच्या हातून माउस ओढला. पण प्रतिसाद काढून टाकायचा तर नव्या पद्धतीत दोघांची परवानगी लागत होती, त्याची आणि अयूबभाईंची. तो अयूबभाईंकडे वळला. "काढा. लवकर काढा."

अयूबभाई हात मागे बांधून उभे राहिले. "हारणेवाल्याचं एकबी बोलणं मी आजवर काढलं नाई. तुझं काऊन काढू?"

मला तेव्हा हसता आलं असतं तर मी पडदा फुटेस्तोवर हसले असते.

डिंपल आणि इस्तारी गाडीत बसायच्या आधीच केवटटोल्यात ते वाचून झालं होतं. सोमाजीनं एकदाच ऐकलं, दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही. "डोमाचा पोट्टा," एवढंच म्हणाला, आणि काठी टेकत स्वतः टेम्पोवाल्याच्या घराकडे निघाला. पोट्ट्या जातील, हे त्यानं वाटेत भेटेल त्याला सांगितलं. कोणी विचारलं, कोरपन्यावाल्यानं कुठी बोलावलं? तर म्हणाला, "आता बोलावाले काई राह्यलं नाई. आपण कोन आहो ते सांगाले जातेत."

मुली कोरपन्याला गेल्या. निशातचा फोन मैदानाच्या कडेला कोणाच्या तरी हातात उघडा होता, त्यातून मी बघितलं. डिंपल अशी खेळली की तिच्या चढाईला लोक टाळ्या वाजवायला विसरले. पण ती एकदाही हसली नाही. शेवटच्या सामन्यात निशातनं तिचा घोटा धरला आणि सोडला नाही, केवटटोला हरला. निशात उठून मिठी मारायला आली. डिंपलनं मारली मिठी, पण निशात कानात काहीतरी चिडवून बोलली तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही. दरवर्षी देते. त्याबद्दल मी निकेशला माफ करणार नाही. माझ्यात माफीची सोय कोणी केलेलीही नाही.

परत आल्यावर इस्तारीनं पहिल्यांदा माझ्यात लिहिलं. तो माणूस बोलत नाही, लिहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डिंपलचा फोन मांडीवर घेऊन त्यानं बराच वेळ घालवला. मजकूर असा होता:

"पोट्ट्या खेळून आल्या. फायनलमंदी हारल्या. ऐतवारी तलावाच्या पाळीवर समद्याइचं जेवन आहे, मासोळीचा रस्सा. निकेशबाबू, तुमाले आग्रहाचं निमंत्रण. डोमाभाऊले संगं आना."

चाळणीनं हिरवा दिवा लावला. सभ्य होतं ना!

बूटवाल्याच्या माणसानं फोन करून निकेशला सांगितलं की बघा, किती मोठ्या मनाचे लोक आहेत, या मजकुराची जाहिरात करू. निकेश फोनवर हो हो म्हणाला. पण तो पुण्याला गेला असला तरी जन्मला इथेच. असं गोड, आग्रहाचं निमंत्रण आमच्याकडे कोणाला देतात ते त्याला माहीत होतं. जो बरोबरीचा नाही त्याला देतात. ज्याच्याशी भांडायचीही इच्छा उरली नाही त्याला देतात. तो खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि मी काही त्याला मदत केली नाही.

मग त्यानं अमरीनला सांगितलं, "पेटी बंद कर. सगळ्या पानांवरची. आत्ता."

अयूबभाईंनीही तेव्हा अडवलं नाही. म्हणाले, पोटाच्या धंद्यावर बोलून झालं, आता हिच्यात कोणी खेळाचं बोलणार नाही, राहू दे. ते खरं होतं, आणि म्हणून जास्त लागलं मला.

अमरीन माझ्यावर बोट ठेवून थांबली होती, तेवढ्यात आणखी एक मजकूर आला. गडचिरोलीच्या बाजारातून, जुन्या फोनवरून. लिहिणारा 'पटांगण' रोज वाचायचा, पण माझ्यात त्यानं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. निकेशनं नाव वाचलं आणि हात पुढे केला, बटण स्वतःच दाबायला. अमरीननं त्याचा हात धरला. मजकूर वर येऊ दिला, आणि मग मला बंद केलं.

आज 'पटांगण'वर जाल तर पानं देखणी दिसतील. बूट दिसतील. तळाशी माझा चौकोन राखाडी होऊन पडला आहे, त्यात बोट ठेवलं तर काही उमटत नाही. कोरपन्याचे पुढचे सामने जवळ आले आहेत, निशात रोज येते, बोट ठेवते, जाते. मला उघडा असं मी कोणालाही विनवणार नाही, माझा तो स्वभाव नाही. पण तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असाल तर बाजाराच्या दिवशी जरा मोठ्यानं बोला, केवटटोल्याला ऐकू जाईल असं. मुली वाट बघत असतील.

माझ्यात शेवटचं लिहिलं गेलं ते डोमाभाऊचं. इस्तारीच्या निमंत्रणाखाली. एवढंच आहे:

"पोरगा येनार नाई. मी येतो."